बांबूची अंडरवेअर घेऊनही मांड्या घासतायत, जांघेत लाल होतंय? आधी हे तपासा

तक्रार साधारण एकच असते. रोज पळणारा, जिमला जाणारा किंवा दिवसभर उन्हातान्हात फिरणारा माणूस कॉटनच्या चड्डीत मांड्या सोलवटतात म्हणून बांबूची घेतो, पहिले काही दिवस एकदम मस्त वाटतं, मऊ, गार, घातलीये हे कळतसुद्धा नाही, आणि मग एखाद्या लांबच्या रनला किंवा उकाड्यात ये रे माझ्या मागल्या, तीच आग, तीच लाली, आंघोळीचं पाणी लागलं की चरचर. मग कोणी म्हणतं बांबू वगैरे सगळं थोतांड आहे, कोणी म्हणतं ब्रँड बदल, कोणी पावडरचा डबा रिकामा करतो. बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा कारभार चाललेला असतो, कारण चार पाच वेगवेगळ्या कारणांनी होणारा त्रास वरवर सारखाच वाटतो आणि आपण दरवेळी कापडालाच धरतो.

तर नवीन पॅक ऑर्डर करायच्या आधी एक करा. वर्कआउट झाला की आंघोळीला जायच्या आधी, चड्डी काढल्या काढल्या, चांगल्या उजेडात बघा की लाल नेमकं कुठे झालंय आणि त्याचा आकार कसा आहे. आंघोळीनंतर सगळंच लाल दिसतं, मग काही कळत नाही. आणि चड्डी उलटी करून तीही बघा. घाम सुकून मिठाची पांढरी रेघ कुठे उठलीये, शिलाई कुठून जाते, कापड कुठे गोळा झालंय, हे अंगावरच्या लालीशी जुळवून बघितलं की बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. थोडं विचित्र वाटेल पण दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात कॉमन केस म्हणजे जांघेच्या खाली, मांडीच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे साधारण तळहाताएवढी लाली. इथे कापडाचा दोष नाहीये, इथे कापड नव्हतंच. चड्डीचा पाय वर सरकला, मांडीला मांडी घासली, वर घामातलं मीठ मध्ये आलं. ब्रीफ घालत असाल तर सरकण्याचाही प्रश्न नाही, त्या जागेवर मुळात काही येतच नाही, त्यामुळे चालताना ज्यांच्या मांड्या एकमेकींना लागतात त्यांनी ब्रीफमध्ये कितीही भारी बांबू घेतला तरी काही उपयोग नाही. ट्रंकचा पाय साधारण ३ इंचाचा, तोही बऱ्याच जणांना कमी पडतो. पळणं, भरपूर चालणं असेल तर ६ इंचाच्या आसपास पाय असलेली बॉक्सर ब्रीफ बघा, मांड्या भरलेल्या असतील तर ८-९ इंचवाली. ही लांबी आतल्या शिलाईची असते, बाहेरच्या बाजूची नाही, साईज चार्टमध्ये इनसीम म्हणून देतात ती हीच.

आता लांब पायाची घेतली तरी वर चढते असं म्हणणारे पण भरपूर आहेत, आणि त्यांचं खरं आहे. आपण सगळे साईज कंबरेवरून घेतो आणि गाडी तिथेच अडते. स्क्वॉट मारून मारून मांड्या वाढल्यात पण कंबर तीच आहे, तर कंबरेच्या मापाची चड्डी मांडीला ताणून बसते, आणि ताणलेलं कापड पाऊल टाकलं की वर ओढलं जातं आणि तिथेच गोळा होत जातं. उलट ज्यांच्या मांड्या सडपातळ आहेत त्यांच्या चड्डीच्या पायाचं तोंड सैल राहतं, ते धरून बसतच नाही, तेही वरच चढतं. म्हणजे दोघांचं दुखणं एक आणि औषध बरोबर उलटं, एकाने साईज वाढवायची आणि दुसऱ्याने कमी करायची. आपण कुठल्या गटात हे ओळखायचं असेल तर तासभर चालून आल्यावर मांडीवर पायाच्या काठाचा वळ बघा. खोल, लालसर, बोट फिरवलं तर लागणारा वळ असेल तर घट्ट होतेय. काहीच खूण नाही आणि चड्डी वर गेलेली, म्हणजे सैल आहे. हलकी खूण पडून थोड्या वेळात जाते, ते योग्य माप. मांडीचं माप टेपने घ्यायचं तर उभं राहून, जिथे मांडी सगळ्यात जाड आहे तिथे घ्या, आणि ज्या कंपनीच्या चार्टमध्ये मांडीचं माप दिलेलं असतं ती मला तरी जरा जास्त भरवशाची वाटते, निदान त्यांनी विचार तरी केलेला असतो.

ट्रायल घेताना आरशासमोर सरळ उभं राहून काही समजत नाही. स्क्वॉट मारा, जिना चढा, खुर्चीत बसून उठा, आणि हात न लावता बघा की पाय आपोआप जागेवर येतो का. प्रत्येक वेळी बोट घालून खाली ओढावं लागत असेल तर ती चड्डी घरात घालायला ठेवा, पळायला नको. अंडरवेअर एकदा उघडली की बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, म्हणून स्वस्त पडतो म्हणून एकदम मोठा पॅक उचलू नका, एक घ्या, धुवा, पळून बघा, मग बाकीच्या.

दुसरी केस, लाली पट्ट्यासारखी नसून बारीक रेघ, जांघेच्या घडीत किंवा मांडीच्या आत उभी. ही शिलाई आहे, चड्डी उलटी करून धरली की रेघ आणि शिलाई तंतोतंत जुळेल. साध्या ओव्हरलॉक शिलाईत कापडाच्या दोन कडा आत एका बाजूला उभ्या राहतात, हाताला बारीक वरंबा लागतो, ऑफिसात बसून काही होत नाही पण हजारो पावलं तोच वरंबा त्याच जागी घासला की कातडी सोलतेच. फ्लॅटलॉक शिलाईत कडा एकमेकींवर सपाट बसवून शिवतात, आतून बोट फिरवलं तर जवळजवळ काही लागत नाही. आणि दोन्ही पायांच्या मधे एक वेगळा तुकडा जोडलेला आहे का ते बघा, त्याला गसेट म्हणतात. तो असला की चारही शिलाया नेमक्या जांघेच्या मध्यात येऊन भेटत नाहीत, बाजूला सरकतात, आणि पाय फाकवताना ताणही वाटला जातो. माझ्या मते पळणाऱ्या माणसासाठी गसेट आणि फ्लॅटलॉक या दोन गोष्टी बांबू की कॉटन की अजून काही यापेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत, पण जाहिरातीत पांडा आणि हिरवी पानं दाखवायला सोपी जातात, शिलाई कोण दाखवणार.

पुढचा भाग चिकटणं. सगळं मांडीला चिकटतं, सारखं ऍडजस्ट करावं लागतं, लाली मागे आणि बाजूला. इथे पुढे पाऊच, म्हणजे जागा ठेवून शिवलेला खोलगट भाग, आहे का सपाट कापड आहे ते बघा, सपाट असेल तर सगळं दाबून मांडीवर जातं, कापडाचा एक थर मधे राहायला हवा तो राहत नाही. पाऊच हवा पण उगाच मोठा नको, मोठा असला की पळताना सगळं हलत राहतं आणि ते वेगळंच दुखतं.

कंबरेवर खाज, इलॅस्टिकच्या रुंदीएवढाच पट्टा, तर इलॅस्टिक एक तर घट्ट आहे नाहीतर त्याच्या रबराची किंवा रंगाची ऍलर्जी. पट्ट्यावर आतून तेच मऊ कापड चढवलेलं असतं अशी घ्या. पुढे वाकल्यावर पट्टी गुंडाळली जात असेल तर ती अरुंद आहे किंवा साईज लहान आहे, बाकी विशेष काही नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जेव्हा खरंच कापडाचा प्रश्न असतो. याची खूण अशी की लाली एका जागी नसते, सगळा भाग ओलसर, चिकट, कातडी पाण्यात राहिल्यासारखी पांढुरकी आणि मऊ पडलेली, आणि चड्डी पिळली तर पाणी निघेल एवढी जड. इथे बांबू म्हणजे काय हे जरा नीट समजून घ्यावं लागतं. बाजारात मिळणाऱ्या बांबूच्या मऊ कपड्यांपैकी बहुतेक व्हिस्कोस असतं, ज्याला रेयॉनही म्हणतात. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवायचा, मग बारीक छिद्रांतून आम्लाच्या द्रावणात सोडून त्याचे तंतू बनवायचे, अशी ती प्रोसेस. लगदा बांबूचा असो की दुसऱ्या लाकडाचा, शेवटी तयार होतं ते सेल्युलोजच. त्यामुळे "नैसर्गिकरीत्या अँटिबॅक्टेरियल" वगैरे जे छापलेलं असतं त्यावर पैसे जास्त देऊ नका, झाडात जे काय असतं ते एवढ्या केमिकलमधून गेल्यावर कापडात उरतं याला पुरावा नाही. ग्राहकांची फसवणूक रोखणारं अमेरिकेचं सरकारी फेडरल ट्रेड कमिशन २००९ पासून याच गोष्टीमागे लागलंय, २०२२ मध्ये तर वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या दुकान कंपन्यांना रेयॉनचा माल बांबू म्हणून विकल्याबद्दल मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. लायोसेल नावाने जे येतं ते वेगळ्या सॉल्व्हंटने, म्हणजे लगदा विरघळवणाऱ्या द्रवाने, बनतं, तो सॉल्व्हंट बऱ्यापैकी सगळा परत वापरतात, आणि ओलं झाल्यावर ते व्हिस्कोसपेक्षा मजबूत राहतं, लेबलवर बांबू लायोसेल दिसलं तर त्याला पसंती द्या.

म्हणजे बांबू वाईट का, तर अजिबात नाही, फक्त त्याचं काम काय ते ओळखा. साधारण हवेत व्हिस्कोस स्वतःच्या वजनाच्या ११ ते १३ टक्के ओलावा धरून ठेवतं, कॉटन ७ ते ८ टक्के, आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. थोडा घाम येत असतो तेव्हा ही ताकद कामाची, ओल कापड पिऊन घेतं, कातडी कोरडी राहते, म्हणून ऑफिस, प्रवास, चालणं, योगा, तासाभराचं जिम, रात्री झोपताना बांबू खरंच आरामाचा वाटतो. पण तुम्ही दोन अडीच तास पळताय, घामाच्या धारा लागल्यात, तेव्हा ते पीत राहतं आणि सोडत लवकर नाही, शेवटी भिजलेल्या टॉवेलसारखं होऊन बसतं. ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते, त्यात भर म्हणजे ओलं झालं की व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि कापड लोंबतं, म्हणजे सकाळी अंगाला बरोबर बसलेली चड्डी दहाव्या किलोमीटरला सुरकुत्या पडून गोळा होते. पहिल्या केसमधली वर चढण्याची भानगड इथे येऊन मिळते. घरी बघायचं असेल तर बांबूची आणि पॉलिएस्टरची अशा दोन चड्ड्या एकत्र भिजवा, सारख्याच पिळा, शेजारी शेजारी वाळत घाला आणि तासाभराने दोन्हीला गाल लावून बघा, बाकी कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

त्यामुळे सरळ वाटणी करा. रोजच्यासाठी आणि हलक्या व्यायामाला बांबू. लांब रन, पावसातला ट्रेक, दमट हवेतली मॅच यासाठी पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉनची स्पोर्ट्सवाली, घाम बाहेरच्या बाजूला नेऊन लवकर वाळणारी. तिला वास लवकर धरतो, ते खरंय, पण ती काय दिवसभर घालायची नसते, रन झाला की काढायची. दोन्हीच्या मधलं हवं असेल तर व्हिस्कोसमध्ये पॉलिएस्टर किंवा नायलॉन मिसळलेली मिळते. लेबलवर ९५ टक्के बांबू व्हिस्कोस आणि ५ टक्के स्पॅन्डेक्स हे मिक्स सगळीकडे दिसेल, व्यायामाला स्पॅन्डेक्स थोडं जास्त असेल तर बरं, कारण ताणलेलं कापड परत जागेवर आणायचं काम तेच करतं. दुकानात हातात मिळाली तर पायाचं तोंड दोन्ही हातांनी चांगलं ताणून सोडा, पटकन मूळ आकाराला आलं पाहिजे, लाटा पडल्या तर ठेवून द्या. आणि खूप जाड घेऊ नका, जाड कापड म्हणजे जास्त पाणी, साधारण १५० ते २०० जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ठीक.

सायकलवाल्यांसाठी एकच सांगतो. पॅडवाली शॉर्ट असेल तर आत काहीच घालायचं नसतं, बांबू नाही, कॉटन नाही, काहीच नाही. पॅड थेट अंगाला लागेल असंच बनवलेलं असतं आणि मधे चड्डी आली की तिच्या शिलाईवर तुम्ही तासनतास बसून राहता. तसंच ज्या रनिंग शॉर्टला आत जाळीचं किंवा घट्ट कापडाचं अस्तर असतं तिच्या आतही परत अंडरवेअर नको, दोन थर एकमेकांवर घासून घाम दुप्पट कोंडतो. अर्ध्या लोकांचं दुखणं एवढ्यावर मिटेल असं मला वाटतं.

आणि एक केस अशी आहे जिथे चड्डीचा काहीही संबंध नाही. लाली गोलसर, कडा थोडी उठलेली आणि खवलेदार, मधला भाग जरा साफ, आगीपेक्षा खाज जास्त, घाम आला की अजून जास्त, आणि आठवडाभर व्यायाम बंद ठेवला तरी पसरतेच आहे, तर ते घासणं नाही, गजकर्ण आहे, फंगस. घासल्याची जखम आराम दिला की दोन चार दिवसांत उतरते, फंगस उतरत नाही. अशा वेळी मेडिकलमधून खाज थांबवणारी कुठलीही ट्यूब आणून लावू नका, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवस एकदम बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, वर डॉक्टरला ओळखायलाही अवघड जातं. सरळ त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, लाजण्यासारखं काही नाही, ते रोज हेच बघतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पण सोलल्यासारखं असेल तर तेही सांगा, बऱ्याचदा तिथलीच फंगस वर जाते, चड्डी पायातून वर चढवताना. म्हणून बरं होईपर्यंत आधी मोजे घालायचे मग चड्डी. टॉवेल वेगळा, आणि चड्डी रोजच्या रोज धुतलेली, पूर्ण वाळलेली, दमट चड्डी अंगावर चढवायची नाही.

साधं घासलेलं असेल तर कोमट पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, चोळू नका, झिंक ऑक्साइडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली लावा आणि एक दोन दिवस सैल कपडे घाला. स्पिरिट, आफ्टरशेव्ह, कडक अँटिसेप्टिक असलं काही ओतू नका, विनाकारण तारे चमकतील. लांब रनच्या आधी तीच जेली किंवा अँटी चेफ बाम मांडीच्या आत लावली तर घासणं बरंच कमी होतं. पावडर सुरुवातीला कोरडं ठेवते पण घाम जास्त झाला की तिच्या गुठळ्या होतात, मग त्याच टोचतात. केस काढायचे असतील तर ट्रिमरने बारीक करा, ब्लेडने गुळगुळीत केलं की दोन दिवसांनी येणारे खुंट वेगळा ताप देतात.

राहिला प्रश्न "आधी छान होती, आता काही महिन्यांनी त्रास द्यायला लागली" याचा. ही जवळजवळ नेहमी धुण्याची गडबड असते. फॅब्रिक सॉफ्टनरने तंतूंवर एक थर बसतो, कापड मऊ लागतं पण पाणी पिणं कमी होतं. धुतलेल्या चड्डीवर पाण्याचा थेंब टाका, लगेच पसरला तर ठीक, थेंब तसाच उभा राहिला तर सॉफ्टनर किंवा तुमची जेली अजून कापडात आहे, एक दोन वेळा नुसत्या सौम्य साबणाने, सॉफ्टनर न घालता धुवा. क्लोरीनवालं ब्लीच आणि जास्त उष्णता स्पॅन्डेक्स मारतात, म्हणून साधं किंवा ३० अंशाचं पाणी, ड्रायर नको, उलटी करून सावलीत वाळत घाला. हाताने धुणाऱ्यांनी पिळा मारताना जरा दमाने, ओलं व्हिस्कोस नाजूक असतं हे वर आलंच आहे. जीन्स आणि चेनवाल्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकली की मांडीच्या आतल्या भागावर बारीक गोळे येतात, आणि ते दिसतात त्यापेक्षा लागतात जास्त. बोटाची मागची बाजू त्या भागावर फिरवून बघा, पुढच्या कापडापेक्षा खरखरीत लागलं तर ती चड्डी आता स्वतःच मांडी घासतेय. आणि कंबरेचं इलॅस्टिक ताणून सोडल्यावर लाटा तशाच राहत असतील, किंवा पायाचं तोंड वाळल्यावरही पसरलेलं दिसत असेल, तर कितीही मऊ असली आणि अजून कुठे फाटलेली नसली तरी व्यायामाच्या ढिगातून ती काढा.